गोरं झालं तर पिस्ता

चार बायका दुपारी सुया घेऊन बसल्या की एक स्वेटर होतो आणि दोन फजित्या होतात. स्वेटर बाळ मोठं झालं की माळ्यावर जातो. फजित्या मात्र गावभर फिरतात, आणि आपण बाजारात भाजी घेत असलो की कुणीतरी मागून विचारतं, "त्या पिवळ्या टोपड्यावाल्या तुम्हीच ना?" आपण मान खाली घालून दोडके निवडायचे.

आम्ही चौघी परभणीत एकाच कॉलनीत राहतो. बारशाला द्यायचे सेट करतो: टोपडं, स्वेटर, मोजे आणि कशिद्याचं दुपटं. लीलाकाकू सगळ्यांत मोठ्या, त्यामुळे रंग त्याच ठरवतात. संगीता स्वामीचं शिवण आणि कशिदा. नंदा ताडकळसची, तिच्या सुया आणि तोंड दोन्ही जोरात. मी चौथी. ओसरी माझी, चहा माझा, म्हणून मला गटात ठेवलंय असं नंदा म्हणते.

पाचवी होती माझी सून अश्विनी. होती म्हणते, कारण ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी पालमला गेली आणि परत कधी येणार ते अजून सांगत नाही. त्याचं कारण या किश्श्यांतच आहे, तेव्हा क्रमानंच सांगते.

*

संगीताच्या लेकीला दिवस गेले होते. काकूंना लोकर आणायची घाई झालेली. सोनोग्राफीच्या दिवशी त्यांनी संगीताला बजावून पाठवलं, मुलगा का मुलगी हे अजिबात विचारायचं नाही, तो गुन्हा आहे. फक्त लोकरीचं विचार.

मी सोबत होते. तपासणी झाली, आणि संगीतानं डॉक्टरीणबाईंना अगदी अदबीनं विचारलं, "बाकी काही सांगू नका डॉक्टर. लोकर गुलाबी घेऊ का निळी, एवढंच सांगा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. दार सताड उघडं ठेवलं आणि भिंतीवरची गर्भलिंग निदानाची पाटी संगीताला मोठ्यानं वाचायला लावली. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "पिवळी घ्या."

लेक आमच्या पुढं जाऊन रिक्षात बसली. संगीतानं पदरानं कपाळाची विभूती झाकून घेतली होती. "कपाळाला हे लावून मी काय इचारायले गेले ओ वहिनी," एवढंच ती म्हणाली. प्रश्न चौघींनी मिळून ठरवला होता, पाटी एकटीनं वाचली.

*

डॉक्टरांचा हुकूम म्हणजे हुकूम! आम्ही सगळं पिवळं केलं. टोपडं पिवळं, स्वेटर पिवळा, मोजे पिवळे, दुपट्यावर सूर्यफुलं.

बारशाच्या दिवशी बाळाला सगळं एकदम घातलं आणि पाळण्यात ठेवलं. थोड्या वेळानं बाळाची आजी, म्हणजे संगीताची विहीण, वाकून बघायला लागली. लेकरू पिवळं दिसायलंय म्हणाली. मग तिच्या जावेनं बघितलं, नणंदेनं बघितलं, आणि कावीळ हा शब्द मांडवातून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आला. घुगऱ्या तशाच राहिल्या. ऑटो आला, बाळ निघालं, मागच्या ऑटोत आम्ही.

दवाखाना तोच, डॉक्टरीणबाई त्याच. त्यांनी आधी टोपडं काढलं, मग स्वेटर, मग मोजे, आणि बाळाला खिडकीशी उजेडात धरलं. चांगलं गुलाबी होतं. "बाळ ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "हे विणलं कुणी?"

लीलाकाकू भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचण्यात एकदम गुंग झाल्या. नंदाला बाहेर फोन आला, तो कुणाचा होता हे तिनं आजवर सांगितलेलं नाही. मी चपला शोधत होते, आणि चपला माझ्या पायातच होत्या.

*

नंदाच्या भाच्याच्या मुलाचं जावळ पोखर्णीला नृसिंहाच्या देवळात काढायचं ठरलं. जावळ काढलं की डोक्याला नवं टोपडं घालायचं, आणि ते आमच्या गटाचं असणार. देवाचं काम, म्हणून काकूंनी लाल रंग काढला. नंदानं ताडकळसच्या आठवडी बाजारातून असली लालभडक लोकर आणली की बघताना डोळे दिपावेत. मी म्हटलं, आधी पाण्यात बुडवून बघू. नंदा म्हणाली, "बाजारातला मानूस वळखीचा हाय. त्याचा रंग जात नसतो."

न्हाव्यानं मोठ्या हळुवार हातानं जावळ काढलं. बाळाला अंघोळ घातली, ओल्याच डोक्यावर टोपडं चढवलं. वरून ऊन. थोड्या वेळात कपाळावरून एक लाल ओघळ आला, मग कानामागून दुसरा.

बाळाची आई मटकन खाली बसली. मामानं न्हाव्याचं बखोट धरलं. तो बिचारा वस्तरा दाखवून शपथा घ्यायला लागला, त्याच्या आजोबांपासून या देवळात जावळं काढतो म्हणाला. कुणी ऐकेना. शेवटी नंदानंच पुढं होऊन टोपडं काढलं. डोक्यावर ओरखडाही नव्हता, आणि तिची दहाही बोटं लाल झाली होती.

मामानं हात सोडला आणि चहा मागवला. न्हाव्यानं चहा घेतला नाही. त्यानं सामान आवरलं, जाताना बाळाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि आमच्याकडं न बघता निघून गेला. येताना एसटीत नंदा वाटभर बोटं पदराला पुसत होती. मला फार वाईट वाटलं.

*

संक्रांतीला नंदाच्या नातीचं बोरन्हाण होतं. काळ्या रंगाचा सण, म्हणजे निवडीचा प्रश्नच नाही. संगीतानं काळा फ्रॉक शिवला, त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं तिळाएवढी फुलं काढली. पोरीला हलव्याचे दागिने घातले, पाटावर बसवलं. नात नंदासारखीच, सावळी आणि तरतरीत. समोरच्या लाह्या मुठीनं उचलून आमच्यावरच फेकायली.

काकू हसत म्हणाल्या, "फ्रॉक कुठं संपला अन् पोरगी कुठं सुरू झाली, काईच कळंना गं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. नंदा सगळ्यांत मोठ्यानं हसली.

आठवड्यानं नंदा तो फ्रॉक घेऊन आली. गळ्याला आणि दोन्ही बाह्यांना तिनं पांढरी लेस लावली होती. फ्रॉक काकूंच्या मांडीवर ठेवून तिनं हळूच विचारलं, "आता कळायलंय का काकू?"

काकूंनी लेस उलटीसुलटी करून पाहिली आणि टाके जरा सैल पडलेत म्हणाल्या. त्यावर आम्ही परत हसलो. या वेळी नंदा हसली नव्हती, हे मला रात्री भांडी लावताना ध्यानात आलं. तेव्हाही मी तिला फोन केला नाही. उगं कशाला विषय वाढवा, म्हटलं.

*

काकूंनी त्यातून धडा घेतला, पण भलताच! मुलगा-मुलगी बघून रंग ठरवणं जुनाट झालं म्हणाल्या. आपण शिकलेल्या बायका आहोत, यापुढं अंगाचा रंग बघून लोकर घ्यायची. सावळ्या अंगावर फिका रंग खुलत नाही, त्याला गडद पाहिजे. गोऱ्याला काहीही शोभतं, पण पिस्ता सगळ्यांत छान. आम्हाला हे फार शास्त्रीय वाटलं. मुलगा का मुलगी हे आमच्या गटात आता कुणी विचारत नाही, असं मी हळदीकुंकवात चारचौघींना अभिमानानं सांगितलंसुद्धा.

त्याच महिन्यात अश्विनीला सातवा लागला. माझं पहिलं नातवंड, मी दोन पिशव्या भरून लोकर आणली. एकीत पिस्ता, एकीत गडद मरून. जे लागेल ते घेऊ, उरलेलं दुसऱ्या कुणाला होईल.

अश्विनी सावळी आहे. माझा मुलगा नीलेश गोरा. लग्न ठरताना नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली होती, तेव्हा मीच सगळ्यांना गप्प केलं होतं. मला पोरगी आवडली होती आणि अजून आवडते. ती आमच्यात बसून क्रोशा शिकली, तिचा हात माझ्यापेक्षा सुबक आहे. मला मोबाईलही तिनंच शिकवला.

त्या दुपारी ती माझ्यासमोर बसली होती. दोन्ही हात पुढं करून तिनं लोकरीची लड धरली होती आणि मी गुंडा करत होते. संगीतानं सहज विचारलं, दोन रंग कामून आणलाव? आणि मी गुंडा फिरवता फिरवता म्हणाले, "नीलेशवर गेलं तर पिस्ता. नाहीतर मरून आहेच."

कुणाला काही खटकलं नाही. काकूंनी मान डोलावली. लड अजून बरीच शिल्लक होती आणि अश्विनीचे हात तसेच पुढं होते, सावळे, लोकरीत गुंतलेले. तिनं ते हलवले नाहीत. लड संपेपर्यंत ती बसून राहिली, मग उठली आणि सगळ्यांचे कप उचलून आत गेली.

माझ्या तोंडून काय गेलं ते मला कप विसळल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. आत जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मी जाऊन विचारलं, "चहात साखर कमी झाली होती का गं?" ती म्हणाली, "न्हाई आई, बरोबर होती."

पुढच्या आठवड्यात तिचे वडील न्यायला आले. जाताना तिनं वाकून नमस्कार केला, तिचं विणकाम बरोबर घेतलं. आधी सव्वा महिना झाला की येते म्हणायची. आता फोनवर विचारलं की बघू म्हणते, आणि फोन आईकडं देते.

*

मागच्या मंगळवारी आम्ही ओसरीवर बसलो असताना नीलेशचा पालमहून फोन आला. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. मला रडू आलं. संगीतानं हात जोडले. नंदानं आत जाऊन साखरेचा डबा आणला आणि प्रत्येकीच्या तोंडात चिमूट घातली.

काकूंनी विचारलं, "कुणावर गेलंय?"

फोनवर नीलेशला ते ऐकू गेलं. नीलेश म्हणाला, आई, अश्विनी फोटो पाठवतेय, तूच बघ. काकूंनी तोवर दोन्ही पिशव्या खुंटीवरून काढून माझ्यापुढं ठेवल्या. त्या उचलून आत ठेवाव्यात असं मनात आलं होतं, पण तिघींसमोर ते जमलं नाही.

फोटो आला. बाळ झोपलेलं, मूठ गालाशी, डोक्यावर अश्विनीनं स्वतः विणलेलं टोपडं. पण फोटो काळा-पांढरा होता, पूर्वीच्या लग्नाच्या अल्बमातल्यासारखा. बाळ करड्या रंगाचं, टोपडं करड्या रंगाचं, दुपटंही करडंच.

काकूंनी चष्मा पुसला. मोबाईल उजेडात धरला, मग सावलीत धरला. "तुझ्या मोबाईलचा रंग गेलाय," त्या म्हणाल्या. मी बोटानं वर सरकवलं. सकाळी आलेल्या शुभ सकाळच्या चित्रातला गुलाब लालभडक होता.

संगीता खाली बघत होती. नंदानं माझ्या हातातून मोबाईल घेतला, बाळाकडं बराच वेळ पाहिलं, आणि फोटोखालची ओळ मला वाचून दाखवली.

"आई, रंग तेवढा ठरवा. ठरला की आम्ही दोघी निघतो."