मशीनच्या धडधडीत कचरूभाऊ

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत कुणाच्या घरी कोण किती रडलं हे बघणारी मी एकटीच नाही, पण तरबेज मीच. शेजारच्या शालनवहिनी गेल्या तेव्हा त्यांचे मिस्टर कचरूभाऊ रडले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेतही बुद्धवंदना झाली आणि हा माणूस खुर्च्या रचायला लागला. "ओंडका आहे नुसता," असं जिन्यात म्हणालं ते दुसरंच कुणीतरी. मी फक्त मान हलवली.

त्यांची मुलगी पूर्वा मात्र खचली. ती मेंदूच्या एका संशोधन केंद्रात सॉफ्टवेअर लिहिते.

"काकू, बाबांना आईचं काही वाटलंच नाही का हो?"

"तुझ्या मशीनला विचार," मी चेष्टेनं म्हटलं. तिनं ते मनावर घेतलं. केंद्राला तपासायला धडधाकट म्हातारी माणसं हवीच होती. सोबत मी गेले. न जाऊन कसं चालेल?

वाटेत तिनं समजावलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडं रक्त जास्त धावतं, आणि मशीन ते टिपतं.

"म्हणजे आपल्या नळासारखं. नगरसेवकाच्या गल्लीत प्रेशर."

"उलट, काकू. इथं जो काम करतो त्याला मिळतं."

"मग हे पुणं नव्हे."

भाऊंना नळकांड्यात सरकवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. ओळखीचा आवाज आला की दाबायचं. मशीन धडधडायला लागलं. मोबाईलमध्ये राहिलेला वहिनींचा आवाज लावला, "अहो उठा, चहा निवतोय." बटण दाबलं गेलं नाही. पुन्हा लावला. नाहीच. पूर्वा खाली बघत बसली.

बाहेर काढलं तर भाऊ घोरत होते.

भाऊंची सगळी नोकरी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये गेली, पत्रा ठोकणाऱ्या चालू मशीनशेजारी डुलकी काढायची सवय. घरी वहिनींची भांडी आदळत. त्या गेल्यावर घरात चमचाही वाजेना, आणि यांना झोप येईना.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "झोपेतही आवाज पोचलाय. ऐकण्याच्या भागात रक्त आलंय, काही सेकंद उशिरा. ते नेहमीच उशिरा येतं."

"आणि दुःख?" पूर्वानं विचारलं.

"ते यात दिसत नाही. माझा आवाज लावला असता तरी एवढंच दिसलं असतं."

भाऊ चपला शोधत होते.

"बाबा, आई बोलली. ऐकलंत?"

"नाही गं. झोप लागली." चपलेत पाय सरकवत ते म्हणाले, "ते परत लावतात का?"

 पुढचा माणूस आत गेला तशी पूर्वानं दाराबाहेरून मशीनची धडधड मोबाईलमध्ये भरून घेतली.

आता रोज दुपारी ती धडधड भिंतीतून येते. माझी झोप गेली. कुणी खिळा ठोकला तरी सोसायटीकडं अर्ज देणारी मी, भिंतीला कान लावून बसते, पलीकडे घोरणं सुरू होईपर्यंत.