स्वयंपाकघरावरून गेलेला नळ

पुंजाजीला बंद वस्तू बघवत नसे. कुलूप असो, गजराचं घड्याळ असो की शेजाऱ्याचा रुसलेला स्टोव्ह असो, आत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं पत्र्याचं दुकान होतं. तिथं डबे, बादल्या, चाळण्या घडवता घडवता तो लोकांच्या बिघडलेल्या वस्तू फुकटात उघडून बसे. बायको इंदूबाई वैतागून म्हणे, "एखांद्या दिवशी मलेही उघडून पाह्यसान तुमी."

"तुले बंद कोनं पाह्यलं आजवर?" पुंजाजी म्हणे, आणि हातोडी चालूच ठेवी.

तो मूळचा तेल्हाऱ्याकडचा. बाप दुसऱ्याच्या वावरात राबला. पुंजाजी सतराव्या वर्षी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात कामाला लागला. तिथं कपाशी ओढून नेणारे पत्र्याचे जाडजूड नळ होते. नळ तुंबला की पुंजाजी लाकडी मोगरी घेऊन त्यावर ठोकत ठोकत जाई आणि नुसत्या आवाजावरून सांगे, "इथं अडकली." तिथंच उघडलं की कपाशीचा गठ्ठा निघे. छप्पन साली नागपूरला जाऊन तो धम्मदीक्षा घेऊन आला. दोन वर्षांनी जिनातली नोकरी सोडून त्यानं स्वतःचं दुकान घातलं. पुढं गावात कूलरची हौस आली, तेव्हा पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, वर पाण्याची टाकी आणि आत पंखा असे कूलर तो करू लागला.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात कोर्टाजवळ राहणाऱ्या महादेवराव वकिलांनी त्याला बोलावलं. त्यांची बायको मैनाबाई घराच्या मधल्या खोलीत निजे. त्या खोलीला बाहेरची भिंतच नव्हती. दुपारी ती खोली भट्टीसारखी तापे आणि कूलर लावायला जागा नाही.

"व्हरांड्यात कूलर ठेवू," पुंजाजी म्हणाला, "अन् जिनातल्यासारखा पत्र्याचा नळ काढून हवा थेट खोलीत सोडू."

असा नळ गावात कुणी पाहिला नव्हता. व्हरांड्यातून निघून तो छताखालून बैठकीत येणार होता. तिथं एक तोंड. मग स्वयंपाकघरावरून जाऊन मैनाबाईच्या खोलीत दुसरं तोंड. पत्रा खडखडू नये म्हणून पुंजाजीनं नळाला आतून गोणपाट लावलं. ते चिकटवायला ज्वारीच्या पिठाची खळ वापरली.

अडचण एकच होती. स्वयंपाकघरात महादेवरावांची आई पार्वताबाई बसत. पुंजाजीला आत येऊ नको असं कुणी म्हणालं नाही. ये असंही कुणी म्हणालं नाही. पुंजाजीनं विचारलं नाही. त्यानं बैठकीच्या भिंतीला भोक पाडून नळ आत सरकवला, पार्वताबाईंनी तो आतून काठीनं पुढं ढकलला, आणि पुंजाजी दारातून ओरडत राहिला, "आजी, डाव्या अंगाले! आजी, जरासक वर!" दुसऱ्या खोलीतून त्यानं टोक धरून ओढलं. सगळे हसले. नऊ फूट नळ दोन भिंतींवर टेकला. मध्ये तुळईला टांगून एक पट्टी द्यायला हवी होती, ती राहिली.

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. पावसाळ्यापूर्वी पुंजाजीनं कूलर बंद करून नळाच्या तोंडांत चिंध्यांचे बोळे कोंबले. त्रेसष्टच्या एप्रिलात ते काढले, कूलर सुरू झाला, आणि आठ दिवसांत मैनाबाईंना धाप लागू लागली. छातीत शिट्टी वाजे. बोलता बोलता वाक्य तुटे.

एप्रिलच्या तेवीस तारखेला, मंगळवारी, महादेवरावांनी पुंजाजीला बोलावून घेतलं.

"पुंजाजी, तुहा डबा काढून ने. डॉक्टर म्हनते, गारवा बाधून राहिला हिले. चिखलदऱ्याले धाडा म्हनते दोन महिने."

"गारव्यानं बाधलं त चिखलदऱ्याले काहून धाडून राहिले, साहेब? तिथं त लयच गार आहे."

महादेवरावांनी चष्मा काढून पुसला. कोर्टात असा प्रश्न त्यांनीच विचारला असता. "ते मले नको इचारू. मी वकील, डॉक्टर नाही."

मैनाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुंजाजी, मले... जायचं नाही. माही सुभद्रा येऊन राहिली बाळंतपनाले. पह्यलं बाळंतपन." थोडा दम घेऊन त्यांनी उशाखालचं पत्र काढलं. अमरावतीच्या विहीणबाईंनी लिहिलं होतं की, आपली तब्येत ठीक नसल्याचं कळलं, तर पोरीला इथंच ठेवू, काळजी नसावी. "आई घरात नसन त माहेर कायले म्हनाव? मेच्या दहा तारखेपर्यंत बरी नाही झाली त ते धाडत नाहीत तिले."

पुंजाजीनं वर नळाच्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या साली याच नळानं या बाईला झोप दिली होती. मग यंदा काय झालं?

"तीन दिवस द्या, साहेब," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी मीच काढून नेईन."

त्यानं मांजरपाटाचे दोन सारखे तुकडे ओले करून पिळले. एक बैठकीतल्या तोंडावर बांधला, दुसरा मैनाबाईंच्या खोलीतल्या. मैनाबाई चार बुकं शिकलेल्या. त्यांना त्यानं सांगितलं, "बाई, खोकला कवा आला, तुमी कुठं होत्या, कूलर चालू होता का बंद, एवढं लिहून ठेवा."

"कायच्यावर लिहू?"

"पंचांगाच्या कडेले लिहा. ते काई रागावत नाही."

रोज संध्याकाळी तो येऊन पंचांग वाचून घेई. मैनाबाईंनी बारीक अक्षरात नीट लिहिलं होतं. शुक्रवारपर्यंत खोलीत अकरा वेळा धाप लागली होती. बैठकीत त्या दोनदा दीड-दीड तास बसल्या, तर एकदाच खोकला आला, तोही साधा. बुधवारी वीज गेली होती, तेव्हा उकाड्यात घामाघूम होऊनही श्वास मोकळा होता.

"म्हंजे गर्मीनं नाही," पुंजाजी पुटपुटला, "अन् गारव्यानंही नाही. हवा दोन्हीकडं एकच, पानी एकच, वाळा एकच."

मग त्यानं दोन्ही कापडं सोडली. बैठकीतलं धुळीनं मळकं झालं होतं, बस. खोलीतल्या कापडावर मात्र काळेहिरवे ठिपके होते. त्यानं ते नाकाशी नेलं आणि पटकन दूर धरलं. पावसात भिजून सडलेल्या पोत्यासारखा कुबट वास होता. त्यानं ते महादेवरावांपुढं केलं. त्यांनीही हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"बैठकीपर्यंत हवा चांगली, खोलीत खराब," पुंजाजी म्हणाला. "जे काय आहे ते मधात आहे."

मध्ये होतं स्वयंपाकघर.

त्यानं बैठकीतला नळ मोगरीनं ठोकला. ठणठण वाजला. मैनाबाईंच्या खोलीतला ठोकला, तोही ठणठणला. मग तो मोगरी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला. चुलीपुढं पार्वताबाई भाकरी थापत होत्या. वर धुरानं काळा झालेला नळ मध्यभागी झोळीसारखा लोंबला होता, आणि त्याच्या बरोबर खाली कोपऱ्यात एक वाडगं ठेवलं होतं.

"आजी, ते वाडगं कायले?"

"टपकते ना बापा तिथून. मागल्या सालीपासून ठेवलं म्या."

"अवो मग सांगतलं काहून नाही मले?"

पार्वताबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "तुले सांगतलं असतं त तू काय केलं असतं? तिथून पाह्यलं असतं, आता पाहून राहिला तसं."

महादेवराव खाली बघत उभे होते. पुंजाजीला सगळं कळलं होतं. नळ मध्ये लोंबला, वाऱ्याबरोबर आलेले पाण्याचे थेंब तिथं साचले, गोणपाटानं पाणी धरलं, खळीच्या पिठानं बुरशीला खायला घातलं, आणि दोन्ही तोंडं बंद करून दहा महिने त्यानंच ती मुरत ठेवली. हे आता उघडायला हवं होतं. पण पाय उंबऱ्याशी थांबले होते.

मागून मैनाबाई भिंतीला धरत धरत आल्या. त्यांची शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती.

"आत या, पुंजाजी," त्या म्हणाल्या. मग सासूकडे वळल्या. "आत्याबाई, माही पोरगी येऊन राहिली."

पार्वताबाईंनी सुनेकडं पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, पिठाच्या परातीवर सूप झाकलं आणि म्हणाल्या, "चप्पल बाहेर काढजो. अन् वरून कचरा पाडशीन त तूच झाडून काढशीन."

पुंजाजी आत गेला. त्यानं आधी मैनाबाईंना अंगणात, कडुनिंबाखाली नेऊन बसवायला सांगितलं आणि खिडक्या-दारं उघडून घेतली. आपल्या नाकातोंडाला ओलं फडकं बांधलं, पार्वताबाईंनाही बाहेर जायची विनंती केली. त्या गेल्या नाहीत, पदर नाकाला लावून चुलीपाशी बसून राहिल्या. पुंजाजीनं नळ दोरीनं बांधून हळू खाली उतरवला आणि मधला सांधा उघडला.

शिळ्या भाकरीवर चढते तशी बुरशी गोणपाटावर चढली होती, फक्त हातभर. काही ठिकाणी हिरवी, काही ठिकाणी काळी मखमल. बोट लागताच धुरळा उडाला.

"माय वो!" पार्वताबाई म्हणाल्या. "हे खाऊन राहिली होती का माही सून?"

"चूक माही आहे, आजी," पुंजाजी म्हणाला. "मधात टेका द्याले पाह्यजे होता. तोंडं बंद कराच्या आधी नळ वाळवाले पाह्यजे होता. अन् पिठाची खळ..."

"तू तेव्हा आतमधी आला असता त..." महादेवराव दारातून म्हणाले. पुंजाजीनं गोणपाट सोलायला घेतलं.

गोणपाट पोत्यात बांधून त्यानं गावाबाहेर नेऊन जाळलं. नळाचे तुकडे अंगणात काढून कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून नारळाच्या काथ्यानं घासले. पण एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. सांध्यांच्या फटीत जे राहिलं असेल त्याचं काय? वरुडकडे त्याचा मेहुणा सूर्यभान संत्र्याच्या बागेत होता. झाडाच्या बुंध्याला बुरशी लागू नये म्हणून तिथं चुना आणि मोरचूद लावत. पुंजाजी एसटीनं जाऊन प्रमाण विचारून आला.

पुंजाजी अंगणात मातीच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी आणि चुन्याची निवळी कालवत असताना पार्वताबाई पाटावर बसून बघत होत्या.

"जहर हाय म्हनते ते."

"हाय. म्हनून त हा खिळा." त्यानं एक घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून काढला. त्यावर तांबूस पुट चढलं. "चुना कमी पडला. असाच लावला त पत्रा खाऊन टाकीन." त्यानं आणखी चुना घातला. तिसऱ्यांदा खिळा स्वच्छ निघाला.

"आता नाही चढलं," पार्वताबाई उठून वाकून बघत म्हणाल्या. त्यांना मजा वाटू लागली होती. "अजून एकडाव बुडव."

ते निळसर चुनखडं नळाच्या आतून, सांध्यांतून आणि भिंतींच्या भोकांत लावून दोन दिवस ठेवलं. मग नळ साफ पाण्यानं धुतला आणि तीन दिवस वैशाखाच्या उन्हात वाळवला. नवीन वाळा भरला, टाकी घासली. नळ पुन्हा चढवताना पुंजाजीनं स्वयंपाकघरात चढायला लाकडी घोडा मांडला, तुळईला दोन पट्ट्या टांगल्या, कूलरकडं उतार दिला आणि मध्ये हात जाईल एवढं झाकण केलं. गोणपाट लावलं नाही. नळ खडखडला तर खडखडो.

मेच्या चार तारखेला, शनिवारी दुपारी, कूलर सुरू झाला. मैनाबाई तोंडाखाली बसल्या. पुंजाजी दारात, महादेवराव खुर्चीत, पार्वताबाई चुलीशी. नळ खडखडत होता. पाव तास गेला, अर्धा तास गेला. एकाएकी मैनाबाईंना ठसका लागला आणि सगळे उभे राहिले.

"बसा, बसा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आत्याबाईनं मिरच्याची फोडनी टाकली."

"मंग काय आळणी खासान?" आतून आवाज आला.

पाच दिवसांत पंचांगाच्या कडेला काही लिहावं लागलं नाही. नऊ तारखेला महादेवरावांनी अमरावतीला तार केली. सुभद्रा आली, आणि ज्येष्ठात तिला मुलगी झाली. त्या बाळंतिणीची खोली नळाच्या वाऱ्यापासून दूर असावी की जवळ, यावर पार्वताबाई आणि पुंजाजी यांचं बरंच वाजलं.

त्या सालापासून नळाचं काम घेताना पुंजाजी दोन गोष्टी आधीच सांगे. दर पावसाळ्याआधी तो नळ उघडून, धुऊन, वाळवून जाईल. आणि नळ ज्या ज्या खोलीतून जाईल, त्या त्या खोलीत तो जाईल. दुसरी गोष्ट ऐकून गावातल्या दोन घरांनी दुसरा कारागीर पाहिला. इंदूबाई चिडली, "हातातलं काम काहून सोडून राहिले?"

"मधात न पाहता केलेलं काम माह्यानं होत नाही आता," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी अमरावतीहून सुभद्राच्या सासऱ्यांचं, भगवंतरावांचं, बोलावणं आलं. तसाच नळ त्यांनाही हवा होता. पुंजाजीनं निरोप्याबरोबर आपली अट कळवली. पंधरा दिवस उत्तर आलं नाही. मग एक कार्ड आलं. त्यात फक्त 'सोमवारी यावे' एवढंच होतं. अटीबद्दल अक्षर नव्हतं. पुंजाजी पत्रे आणि मोगरी घेऊन पहिल्या एसटीनं गेला. ओसरीवर भगवंतरावांनी चहा मागवला आणि कूलर कुठं ठेवायचा ते दाखवू लागले.

"ते मागून पाहू, रावसाहेब," पुंजाजी चपला काढत म्हणाला. "पह्यले स्वयंपाकघर दाखवा."

भगवंतरावांनी आत तोंड करून हाक मारली, "सुभद्रा, यांना आत घेऊन जा."