पंप चालू असताना वाचलेली कादंबरी

आमच्या वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. माणसं शुक्रवारी येतात, रविवारी जातात आणि जाताना काहीतरी विसरतात. चार्जर, गॉगल, एकच मोजा. त्या वर्षी माघात एक बाई उशीखाली कादंबरी विसरून गेल्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "राहू दे गं तुलाच. वाच, गोड आहे." एवढ्या शिफारशीवर ते जाडजूड भाषांतर माझं झालं.

मुखपृष्ठावर दगडी घर, समोर सफरचंदाची बाग आणि फाटकाशी पाठमोरी मुलगी. गोष्ट सांगायला सोपी. परदेशातल्या एका खेड्यात एका कुटुंबाची भलीमोठी इस्टेट असते. म्हातारी आत्या आणि तिचे दोन भाचे मिळून ती चालवतात. शहरातून एक मुलगी उन्हाळ्यापुरती कामाला येते आणि धाकट्याच्या प्रेमात पडते. धाकटा फारसा बोलत नाही, कुंपणं दुरुस्त करत हिंडतो. अशा कादंबरीचा शेवट पहिल्याच पानावर कळतो आणि तरी आपण वाचतो. खरं तर कळतो म्हणूनच वाचतो. नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत.

मी मूळची ठाण्याची, तिथल्या एका शाळेत शिकवत होते. लग्न करून रेवदंड्याजवळच्या या वाडीत आले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. वाडी नारळाची आणि पोफळींची. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, हेसुद्धा मला इथे आल्यावर कळलं. त्याआधी सुपारी पानवाल्याच्या डब्यातच उगवते असा माझा समज होता.

सासूबाईंचे गुडघे धरल्यापासून दुपारचं शिंपणं माझ्याकडे आलं होतं. विहिरीवरचा पंप सुरू करायचा, पाटाचं पाणी पोफळींच्या एका ओळीत सोडायचं, ती भिजली की फावड्याने माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या ओळीचं उघडायचं. मधल्या वेळात काही काम नाही. तेवढ्यात मी विहिरीच्या कठड्यावर बसून वाचायची. चारच दिवसांत हिशेब बसला, एक ओळ भिजायला एक प्रकरण. मग मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

त्या दुपारी अजून आठवतात. पोफळींच्या शेंड्यांतून ऊन गाळून खाली यायचं, पाण्यावर डुलायचं, तिथून माझ्या पानांवर हलायचं. पंपाच्या घरघरीमागे समुद्र ऐकू यायचा, की आल्यासारखा वाटायचा. डोळे जड झाले की दोन्ही इस्टेटी एकमेकींत मिसळायच्या. माडांखाली मेंढ्या चरायच्या. कादंबरीतली आत्या आमच्या पडवीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरायची. धाकटा पाठमोरा कुंपण बांधत असायचा, आणि वळला की त्याला माझ्या नवऱ्याचं तोंड असायचं. मी दचकून जागी व्हायची आणि चिखलात धावायची.

शिवाय आवडलेलं प्रकरण मी दोनदा वाचायची, आणि नावडतं चाळून सोडायची. एका संध्याकाळी सासूबाई काठी टेकत वाडीत फिरून आल्या.

"अगो, चौथ्या ओळीत पाय रुततोय नि पाचवीत भुई कोरडीठाक. पानी सोडतेस का झोपा काढतेस?"

चौथ्या ओळीत ती दोघं धान्याच्या कोठारात नाचली होती आणि पाचवीत मेंढ्यांचे आजार होते, हे त्यांना कसं सांगणार? नवरा ताटावरून मान वर न करता म्हणाला, "ऱ्हाऊ दे, आये. पाचवी मी बघतो." त्या दिवसातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य.

फाल्गुनात शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त पंपाच्या खोपटापाशी येते. जूनपासून माझी जुनी जागा रिकामी होती. "दर शुक्रवारी घरी जात जा. पण मला पुढच्या शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळव," बाई म्हणाल्या. मी खूप वेळ बोलले. बाजूला पंप चालू होता, त्यामुळे जपून बोलायची गरज वाटली नाही. ठेवताना म्हणालेसुद्धा, "बाई, मी इथे नसले तरी इथलं काही अडणार नाही." परतून बघते तर ओळ अर्धीच भिजलेली आणि पाटात पाणी निवांत उभं. थोड्या वेळाने ते आपसूक वाहू लागलं. मी पुस्तक उघडलं.

घरात कुणाला सांगितलं नाही. मला इथे कुणी छळलं नव्हतं. पण तीन वर्षांत, तुला इथं बरं वाटतं का, असं कुणी विचारलंही नव्हतं. मला जायचं होतं आणि जायचं नव्हतं, आणि दोन्हींचा मला रागच येत होता.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तर माझ्या खुणेच्या बारा पानं पुढे समासात अंगठा उमटलेला, मातीचा. घरात चिखलाच्या हाताने पुस्तक धरणारा एकच माणूस. पंपाच्या माहितीपत्रकापलीकडे त्याला काही वाचताना मी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी अंगठे थोडे पुढे सरकलेले असायचे आणि दुपारी मी त्यांच्या मागून जायची. सांगायला लाज वाटते, पण मी तेव्हा खूप सुखात होते.

मग अंगठे थांबले. मुलगी आपली बॅग भरायला घेते त्या पानावर शेवटचा, चांगला दाबून उमटलेला. पुढची पानं कोरी. सोमवार गेला, मंगळवार गेला, तो पुढे सरकेना. मीही तिथेच थांबले.

गुरुवारी दुपारी तो फावडं टेकवून माझ्याशेजारी कठड्यावर बसला.

"ती जाते का?"

"पुढे वाचा ना."

"न्हाय. तू सांग."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मग मला ते पाटात उभं राहिलेलं पाणी आठवलं.

"तुम्ही फोन ऐकलात?"

"मधीच वीज गेली व्हती. पंप बंद पडला. तुला कळलंच न्हाय."

मी पुढचं एक अक्षरही वाचलेलं नव्हतं. पण अशा कादंबऱ्यांवर माझा विश्वास आहे. "जाते," मी म्हटलं. "पण परत येते."

"किती पानांनी?"

मी उरलेली पानं अंगठ्याखाली मोजली. "चाळीस."

त्याने मान हलवली. "थांबेन," म्हणाला. "तुला जायचं आसंल तर जा. मी थांबेन." आणि फावडं उचलून पुढच्या ओळीचं तोंड उघडायला गेला.

मला रडू आलं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याने कादंबरीतल्या मुलीच्या नावाने विचारलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी फोन करायला विहिरीवर गेले. तो तिसऱ्या ओळीत पाठमोरा उभा होता. मी आधी पंप बंद केला. घरघर थांबली, पाटातलं पाणी थांबलं, त्याचं फावडंही थांबलं.

मग मी नंबर लावला आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "बाई, मी येत नाही. मला इथं बरं वाटतं."