पंचाक्षरींनी मागून आणलेले डोळे

जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून पंचाक्षरींची सत्तावीस वर्षं गेली. मूळ गाव शिरोळकडचं, बिऱ्हाड शिवाजी पेठेत. बिथरलेला बैल आडवा पाडायचा, डॉक्टरांचं काम होईस्तोवर त्याचं मुंडकं दाबून धरायचं, हे त्यांचं काम. बोलणं मोजकं, पण आसपासच्या गावांत त्यांच्या शब्दाला किंमत होती.

दोन वर्षांपूर्वी डॉ. अनुजा सर्जन म्हणून आल्या. उसाचं पातं लागून बुबुळ फुटलेली जनावरं इकडं नेहमीच येतात, आणि तोवर असा डोळा काढून टाकण्यापलीकडं कुणी काही करत नव्हतं. मॅडमनी सांगितलं, मेलेल्या जनावराच्या बुबुळावरचा काचेसारखा पडदा गोल कापून जखमी डोळ्यावर बसवता येतो. आधी चार दिशांना चार टाके, मग मधले, केसाहून बारीक दोऱ्याचे. फक्त डोळा सहा तासांच्या आत मिळायला हवा. "लोकांना सांगा, तुमचं जनावर गेलं तरी त्याच्या डोळ्यानं दुसरं जनावर बघेल."

पंचाक्षरींना हे मनापासून पटलं. कुठं म्हैस गेल्याचं कळलं की ते बर्फाचा डबा गाडीला बांधून निघत. रडत्या घरात असलं मागणं सोपं नव्हतं. एकानं तर त्यांच्या अंगावर काठी उगारली होती. डोळे काढल्यावर ते पापण्या शिवून टाकत, घरच्यांना खोबण दिसू नये म्हणून. दीड वर्षात अकरा म्हशींचे डोळे त्यांनी आणले आणि मॅडमच्या गाडीत पोचवले. डोळ्याची ऑपरेशनं दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात होत. तिथं जायचा त्यांना कधी प्रसंग आला नाही.

कोडोलीच्या चिमणाबाईंची म्हैस विताना गेली होती. रेडकू असल्यापासून त्यांनी ती वाढवलेली. डोळे काढायच्या आधी त्यांनी तिला हळदकुंकू लावलं होतं. वर्षभरानं त्या दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, माझ्या म्हशीचा डोळा आता कुणाच्या दावणीला हाय? एकदा बघून येतो की."

मॅडमना विचारून सांगतो, असं पंचाक्षरी म्हणाले आणि आत गेले.

मॅडम आधी समोरचे कागद चाळत राहिल्या. मग सांगितलं, की एकही डोळा कुठल्या जनावराला बसवलेला नाही. सगळे टाक्यांच्या सरावाला वापरले, त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी. दवाखान्यात आलेल्या जनावरांच्या जखमेवर त्यांच्याच डोळ्याचा शेजारचा पांढरा पडदा ओढून शिवला होता. हात बसल्याशिवाय जिवंत डोळ्याला सुरी कशी लावायची, आणि सरावाला म्हटल्यावर कुणी डोळे दिले असते, असं त्यांनी विचारलं.

"मला तरी सांगायचं हुतं," पंचाक्षरी म्हणाले.

"तुम्हाला खोटं बोलता आलं नसतं."

सत्तावीस वर्षांत त्यांना इतकं कुणी ओळखलं नव्हतं, आणि त्या ओळखीचा असा उपयोगही कुणी केला नव्हता. बाहेर चिमणाबाई बाकावर बसल्या होत्या. पंचाक्षरींनी तिथंच, उभ्या उभ्या, खरं ते सांगितलं.

बाई बाकावरून उठल्या. "त्या डॉक्टरीणबाईला मी कुठं वळखतो?" त्या म्हणाल्या. "मी डोळं तुझ्या तोंडाकडं बघून दिलं."

पुढचे काही रविवार पंचाक्षरी उरलेल्या दहा घरी जाऊन आले. कुणी हसून सोडून दिलं, मेलेल्या म्हशीच्या डोळ्याचं एवढं काय म्हणून. दोन घरांनी आत घेतलं नाही. बर्फाचा डबा त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला तो ठेवलाच.

यंदा मॅडमनी एका बैलाला पहिला पडदा बसवला. एका मेलेल्या गायीचे डोळे त्यांच्याच ओळखीतून मिळाले होते. दोन महिन्यांत पडदा बराचसा निवळला. बैल दाखवायला त्यांनी पंचाक्षरींना बोलावलं. पंचाक्षरींनी त्या डोळ्यासमोर हात हलवला तशी बैलानं मान मागं घेतली. टाके एकसारखे पडले होते. त्यांनी तसं कबूलही केलं.

आता पुन्हा डोळे आणाल का, मॅडमनी विचारलं. लोकांना सांगायचं तेच सांगा, आता ते खरं आहे.

"खरं हाय, मॅडम," पंचाक्षरी बैलाचं दावं सोडत म्हणाले. "पण ते सांगायला मला तोंड ऱ्हायलं न्हाय."

पुढच्या वेळी कुठं म्हैस गेल्याचं कळलं तेव्हा मॅडम स्वतः डबा घेऊन गेल्या. घरच्यांनी आधी एवढंच विचारलं, पंचाक्षरी का आलं न्हाईत?