आन्सेल्मचं गाणं, सासूबाईंची दुरुस्ती

आन्सेल्म रूदिए फ्रान्समधल्या ओरियाक गावी छत्र्यांच्या कारखान्यात काड्या बसवायचा आणि संध्याकाळी कॅफेत गिटार घेऊन गावाची उणीदुणी काढायचा. मी सोबत अकॉर्डियन वाजवायचो, त्यामुळे शिव्यांत माझाही वाटा असे.

पाद्रीबुवांच्या घोरण्यावर त्याने गाणं केलं, नगराध्यक्षांच्या केसांच्या टोपावर केलं. सगळं पचलं. मग १९५६ साली त्याने थेट सासूलाच गाण्यात ओढलं. लेओंतिनबाई शनिवारच्या बाजारात चीज विकायच्या. गाण्यात होतं, की आधी चार महिने मुरलेल्या चीजचा वास येतो, मागून सासूबाई येतात, आणि कोणापासून पळावं हे बिचाऱ्या जावयाला कळत नाही.

"आईच्या कानावर गेलं तर?" त्याची बायको ओदिल म्हणाली.

"त्या कॅफेत येतात कुठे?"

गाणं पहिल्यांदा म्हटलं, त्याच संध्याकाळी त्या नेमक्या आल्या. हाताची घडी घालून गाणं ऐकलं आणि उठून उभ्या राहिल्या. आन्सेल्मने गिटार छातीशी ढालीसारखी धरली.

"जावईबापू, चुकलंय."

"थट्टा हो, सासूबाई..."

"थट्टेचं सोडा. माझं चीज आठ महिने मुरलेलं असतं. तुम्ही चार म्हणालात. चार महिन्यांचं मी कोंबड्यांना घालते!"

पुढच्या शनिवारी लोक 'गाण्यातलं चीज' मागत रांगेत उभे. तेव्हापासून बाई प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत बसू लागल्या आणि तिथूनच दुरुस्त्या सुचवू लागल्या.

पुढे पॅरिसहून रेकॉर्ड कंपनीचा देल्व्हो नावाचा गृहस्थ आला. त्याला आन्सेल्मचा आवाज आवडला, विनोद नाही. "गावठी चेष्टा पुरे. विरह गा," म्हणाला. आन्सेल्मला काळा स्वेटर चढवला आणि महिनाभर हसू दिलं नाही.

रविवारी दुपारी पॅरिसमधला पहिला कार्यक्रम. चौथं विरहगीत चाललं होतं. कुणीतरी चॉकलेटचा कागद सोडत होतं, तेवढाच काय तो प्रतिसाद. इतक्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला,

"जावईबापू, गेलं कोण?"

"कोणी नाही, सासूबाई."

"मग रडताय कशाला? ओदिल घरी आहे, पोरं ठणठणीत आहेत. माझं गाणं म्हणा!"

सभागृह खदखदून हसलं. पडद्याआडून देल्व्हो दोन्ही हात हलवून 'नको नको' करत होता. आन्सेल्म त्याच्याकडे बघत राहिला, तेव्हा मीच अकॉर्डियनवर चाल सुरू केली. मग काय! एक कडवं जावयाचं, एक हरकत सासूची. ते गाणं चारदा म्हणावं लागलं. बाहेर पत्रकारांना देल्व्हो सांगत होता, "कल्पना माझीच."

त्यानंतर बेल्जियम झालं, क्वेबेक झालं, अकरा रेकॉर्डी निघाल्या. एक विरहगीतही बरं जमलं त्याला, पण ते त्याने घरी कुणाला ऐकवलं नाही.

एकोणऐंशी साली लेओंतिनबाई गेल्या, अठ्ठ्याऐंशीच्या होऊन. आन्सेल्म दोन महिने गिटारीला शिवला नाही. मग त्यांच्यावर नवं गाणं लिहायला बसला आणि पंधरा दिवसांनी फाडून टाकलं.

"का रे?" मी विचारलं.

"नुसती स्तुती होत होती," तो डोळे पुसत म्हणाला. "त्यांनी मला घरात घेतलं नसतं."

हल्ली त्याला विषयांची टंचाई आहे. माझ्या नव्या कवळीवर तीन कडवी झाली आहेत. चाल मात्र झकास आहे, आणि साथ मलाच करावी लागते.