नव्या कंप्युटरची पूजा

नवागामच्या माझ्या माणसांनो, आज माझ्या हातून घोळ झाला, तो माझ्याच तोंडून ऐका.

नात दहावीला आहे. घरात मोबाईल एकच, त्यातलं नेट दुपारीच संपतं. म्हणून शाळेच्या मनीषाबाईंनी साबणाच्या वडीएवढा कंप्युटर आमच्या खोलीत बसवला. त्यातले धडे गल्लीतल्या पोरींना नेटशिवाय मोबाईलवर दिसतात.

आमच्यात कापड विणायचा नवा लूम आला तरी आधी पूजा होते. बाई चहा घेत होत्या, तेवढ्यात मी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. कंप्युटरचा दिवा विझला.

नात म्हणाली, "आजी, माझं सायन्स बुडवलं ना तू."

मी पदराने पाणी टिपायला लागले.

बाईंनी आतलं नखाएवढं कार्ड काढलं, ओढणीने पुसलं आणि पिशवीतल्या दुसऱ्या कंप्युटरमध्ये घातलं. सगळे धडे जागेवर. "आजी, कुंकू चालेल, पाणी नको," एवढंच बोलल्या.

मला शिव्या भराभर येतात, पण तोंडावर आभार मानायला जीभ वळत नाही. म्हणून बाई, इथे गल्लीच्या ग्रुपवर लिहिते: माझ्या नातीचं वर्ष वाचवलंत तुम्ही.

माणसांनो, तुम्हाला तरी जमतं का हो, समोर उभं राहून असं बोलायला?