किडनीची खबर आधी कोणाला

इंदूरच्या आमच्या लॅबमध्ये रिझल्ट येतात सावकाश, किस्से मात्र रोज. सॅम्पल ठेवायला फ्रीजरमध्ये जागा उरलेली नाही, आणि किस्से ठेवायला माझ्या डोक्यात.

काम साधं आहे. ल्युपसमध्ये शरीराची फौज शरीरावरच उलटते, आणि कधीकधी किडनीलाही धरते. सुई टोचून किडनीचा तुकडा काढण्याआधीच लघवीतून ते कळावं, अशी एक खूण, म्हणजे मार्कर, आम्ही शोधतोय. लघवी गोळा करायचं काम माझं. महूची माझी आत्या सगळ्यांना सांगते, "आमची प्रज्ञा सायंटिस्ट आहे. पण काय करते ते जेवताना विचारू नका."

*

तुलनेला निरोगी माणसंही लागतात. कोणी तयार होईना, तेव्हा आमचे सर ऐटीत म्हणाले, "माझं घ्या. अपन तो एकदम फिट."

घेतलं. साखर निघाली.

"मशीन चेक करवा," सर म्हणाले.

दोनदा चेक केलं. मशीन एकदम फिट होतं.

*

रेखाताई सांवेरच्या शाळेत शिकवतात. ल्युपस बरीच वर्षं आहे. पहिल्यांदा आल्या तेव्हा पिशवीतून पाच बाटल्या काढल्या.

"ताई, एकच हवी होती."

"बसने यायचंच होतं, तर म्हटलं घरातल्या सगळ्यांचं नेऊन टाकू."

बाटल्यांवर नावं नव्हती. मी विचारलं, "यातली तुमची कोणती?"

"ते तुम्ही ओळखा की. तुमचं रिसर्चच त्याचं आहे ना?"

*

मग एकदा त्या आल्या आणि सरांना म्हणाल्या, "दुपारपर्यंत चप्पल घट्ट होते. किडनीची काहीतरी गडबड आहे."

सरांनी ग्राफ दाखवला. "आपला मार्कर नॉर्मल आहे, रेखाजी. नवी चप्पल घ्या."

"नवीच आहे. एक नंबर मोठी."

सरांनी ग्राफ बाजूला ठेवला. साधी लघवीची तपासणी केली, तर भरपूर प्रोटीन जात होतं; पाय त्यामुळेच सुजत होते. बायोप्सीत किडनीला सूज निघाली. मी रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने 'नॉर्मल' लिहिलेलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. औषधं लगेच बदलली, आणि काही महिन्यांनी किडनी सावरली.

पुढे ऑनलाइन मीटिंगमध्ये सरांनी हीच केस मांडली. दिल्लीच्या एका प्रोफेसरांनी विचारलं, "सगळ्यात आधी कोणता मार्कर वाढला?"

सरांनी ग्राफची स्लाइड बंद केली.

"चप्पल," ते म्हणाले.